तात्पुरत्या जागेतला तिसरा अंक

आमचा संगणक हळू चालतो ही तक्रार पहिल्यांदा कमलाक्षीने केली, आणि ती संगणकाकडे न बघता माझ्याकडे बघत केली.

"मी 'क' दाबतंय," ती म्हणाली, "दूध वतू गेला काय बघून येतंय, तरी 'क' उमटूक नाय."

मी म्हटलं, "जुना झालाय तो. विचार करायला वेळ लागतो."

"इचार मी करतंय. तेना नुसता उमटवचा."

कमलाक्षी पेडण्याची. आमोण्यात लग्न होऊन येऊन इतकी वर्षं झाली, पण चिडली की ती अजून माहेरच्या बोलीत चिडते. आणि त्या दिवसांत ती चिडायला कारण होतं. ती नाटक लिहीत होती.

आमच्या वाड्यावरच्या देवळाची जत्रा दिवाळीनंतर असते आणि जत्रेत नाटकं होतात. ती आजवर पुरुषांनीच केली. पूर्वी नायिकेच्या कामासाठी कुणीतरी मिशी काढायचा. आता फोंड्याहून नटी आणतात आणि मिशी राखतात, एवढीच काय ती सुधारणा. यंदा वाड्यावरच्या बायकांनी एक तारीख मागितली. देवस्थान कमिटीने बैठकांवर बैठका घेतल्या आणि शेवटी अट घातली. नाटक बायकांनी स्वतः लिहिलेलं असावं, आणि त्याचे तिन्ही अंक अमुक रविवारी कमिटीसमोर वाचनासाठी यावेत. नाही आले तर तारीख पुरुष मंडळाला. पुरुष मंडळाने लगेच रंगाची पेटी झाडून पुसून ठेवली, म्हणजे त्यांचा बायकांवर किती विश्वास होता ते कळलं.

कमलाक्षीने दोन अंक लिहिले. छापून वाटले. बायकांनी ते भात परतता परतता पाठ केले. राहिला होता तिसरा. आणि इथे 'क' उमटायला दूध उतू जाईस्तोवर वेळ.

आता यात माझं काम काहीच नव्हतं हे मला मान्य आहे. पण मी पणजीला एका खात्यात हेड क्लार्क आहे. अडलेलं काम दिसलं की त्यात आणखी एक टप्पा घातल्याशिवाय माझा हात राहत नाही.

मी परेशला फोन केला. परेश आमचा मुलगा, पुण्याला संगणकाच्याच कंपनीत असतो. याच पोराने आमच्या संगणकात विंडोजच्या जागी लिनक्स घालून ठेवलेलं. तो म्हणाला, "बाबा, डिस्क म्हातारी झालीय. मी दिवाळीला येतो तेव्हा नवीन बसवतो. तोवर हात लावू नका." 'हात लावू नका' हे मुलाने बापाला सांगावं असे दिवस आले आहेत. मी ते मनात ठेवलं.

मग बसमधून येता-जाता मी मोबाइलवर वाचन सुरू केलं. त्यात मला सापडलं ते असं. संगणकाला काम करताना कच्चे कागद लागतात. ते तो डिस्कवर ठेवतो. डिस्क म्हणजे आमच्या खात्यातली रेकॉर्ड रूम: कागद तिथे सुरक्षित असतो, पण आणायचा तर शिपाई पाठवावा लागतो आणि शिपाई चहा पिऊन येतो. मेमरी म्हणजे आपलं टेबल, हात पुढे केला की कागद हातात. तर लिनक्समध्ये अशी सोय आहे की या टेबलाचाच एक कोपरा आखून द्यायचा आणि संगणकाला सांगायचं, बाबा रे, कच्चे कागद इथे ठेव. एका फायलीत एक ओळ लिहिली की झालं.

एका ओळीत काम होतं असं कुणी सांगितलं की शहाण्याने तो प्रयोग शेजाऱ्याच्या घरी करावा. मी माझ्याच घरी केला, सुट्टीच्या दिवशी सकाळी, उंडे पाव आणि चहा झाल्यावर. ओळ लिहिली. संगणक बंद करून चालू केला.

पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून कळवण्यात आलं की यंत्रावर आणीबाणीची परिस्थिती आहे.

"कितां झाला?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काही नाही. तो स्वतःला तपासतोय."

"बरो आसा मा? माझे दोन अंक आत आसत."

"अगदी सुरक्षित आहेत," मी म्हटलं, आणि घाम पुसला.

तेवढ्यात हरी आला. हरी आमचा शेजारी. त्याचा एक टिपर ट्रक आहे. खाणी बंद झाल्यापासून तो आंब्याखाली उभा आहे, आणि हरी त्याच्या बाजूला. दोघांनाही हल्ली काम नाही, पण ट्रक निदान सल्ला देत नाही. त्याच्या मागोमाग त्याची बायको शालिनी आली. शालिनी कमलाक्षीच्या नाटकात नायिका आहे, आणि आमच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते.

हरीने पडदा बघितला. "इंजिनात हवा शिरलीसा. एकदा सगळा खोलूक होया."

"हवा बिवा काही नाही, हरी. एक ओळ चुकलीय."

"आमच्या ट्रकाचाय तसाच. मेकॅनिक म्हणी, एकच बोल्ट."

शालिनी म्हणाली, "उदबत्ती लावून बघा." आणि खरंच लावली.

शेवटी परेशला फोन करावा लागला. तो आधी काही क्षण गप्प राहिला. मुलाच्या त्या गप्प राहण्यात बापाचा किती अपमान असतो ते बाप झाल्यावरच कळतं. मग म्हणाला, "बाबा, मी सांगतो ते टाइप करा. आधी स्लॅश."

"कुठला स्लॅश?"

"पुढे कललेला."

"माझ्या पुढे की त्याच्या पुढे?"

"तुमच्या उजवीकडे झुकलेला, बाबा."

"हरी, ही उजवी बाजू ना?" मी विचारलं, कारण माणूस घाबरला की त्याचा स्वतःच्या हातांवरही विश्वास राहत नाही. हरीने खिडकीतून ट्रक कुठल्या बाजूला उभा आहे ते बघून खात्री करून दिली.

दोन अक्षरांची जागा उलटसुलट झाली होती, बस. ती सरळ केली आणि संगणक उठला. दोन्ही अंक जागेवर होते. शालिनी उदबत्तीकडे बघून हात जोडत म्हणाली, "मेळला नी गुण."

पण गंमत अशी की तो खरंच जलद झाला. कमलाक्षीने 'क' दाबला आणि 'क' उमटला. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात बरंच काही होतं. निदान मला तरी दिसलं. इथेच थांबलो असतो तर आज मी वाड्यावर मान वर करून फिरत असतो.

हरीला पुरावा हवा होता. तो पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन आला आणि म्हणाला, "ह्यो घालून बघा तुमच्या त्या कोपऱ्यात." मी घातला. कोपऱ्याला मर्यादा किती ठेवायची हे त्या ओळीत लिहायचं असतं. मी सगळीच मेमरी लिहिली होती. घरचंच आहे, हात आखडता कशाला? व्हिडिओ जात जात मंगलाष्टकांच्या आसपास पोचला आणि संगणक थिजला. बाण हलेना. मी बटण दाबून धरलं, बंद केला, पुन्हा चालू केला. चालू झाला, पण व्हिडिओ कुठेच नव्हता.

"खय गेला लगीन?" हरीने विचारलं.

"पुरतं आलंच नव्हतं, म्हणून त्याने टाकून दिलं," मी म्हटलं. हे कारण मी जागच्या जागी तयार केलं आणि ते मला स्वतःला इतकं पटलं की पुढे विचार करायची गरजच वाटली नाही. सरकारी नोकरीने माणसाला ही एक देणगी मिळते.

परेश फोनवर म्हणाला, "टेबलावर सगळीकडे कागदच ठेवले तर बसून काम कुठे करणार, बाबा? पाव भागाच्या वर देऊ नका. आणि तिथे तुमचं काही ठेवू नका हां. ती तात्पुरती जागा आहे."

मी मर्यादा पाव केली. राहिला तो 'तात्पुरती' हा शब्द. त्याबद्दल मला थोडं बोललं पाहिजे, कारण लोक नंतर मला मूर्ख म्हणाले आणि त्यांना सरकारी खातं ठाऊक नाही. आमच्या कार्यालयाच्या मागे एक तात्पुरती शेड आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा ती जुनी म्हणून ओळखली जात होती. मी स्वतः तात्पुरता लागलो, आणि माझ्यानंतर लागलेले कायमचे लोक निवृत्त झाले तरी माझ्या कागदावर तो शब्द होता. शेजारच्या गावाला जायला तात्पुरता साकव घातला. पक्का पूल बांधला तो पडला, लोक अजून साकवावरून जातात. माझ्या उभ्या आयुष्यात तात्पुरत्याइतकी टिकाऊ गोष्ट मी पाहिलेली नाही. तेव्हा परेशने 'तात्पुरती' म्हटल्यावर मला धीरच आला.

मी कमलाक्षीचं नाटक त्या कोपऱ्यात हलवलं. तिला सांगितलं नाही. पडद्यावर ज्या जागी तिची फाइल दिसायची त्याच जागी दिसेल अशी व्यवस्था केली, म्हणजे तिला काही कळायची गरजच नाही. आणि आणीबाणीचा अनुभव ताजा होता, म्हणून आता हा उठलाय तर उठलेलाच राहू दे, असं ठरवून बटणावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: 'बंद करू नये.' घरात इन्व्हर्टर आहे, संगणकाला वेगळा यूपीएसचा डबा आहे. लाइट गेली-आली तरी त्याला पत्ता लागत नसे.

पुढचे दिवस फार चांगले गेले. कमलाक्षी दुपारी जेवण आवरलं की कदेल, म्हणजे आमची लाकडी खुर्ची, ओढून बसायची आणि तिचा तिसरा अंक सुरू व्हायचा. बटणांचा टकटक आवाज अख्ख्या घरात. मधेच ती एकटीच हसायची. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणायची, "जत्रेक बघा." एकदा तिने डोळेही पुसले. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. एवढी वर्षं संसार केला, पण ती अशी लिहिताना मी कधी पाहिली नव्हती. छान वाटायचं. आणि हे सगळं माझ्या एका ओळीमुळे चाललंय, हेही वाटायचं. ते लपवून काय करू?

अंक पुरा झाला त्या दिवशी तिने साखरभात केला. म्हणाली, "फाल्यां छापूया." दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं देवळात गेलो. स्टेज कुठल्या बाजूला घालायचं यावर बायकांचं आणि कमिटीचं एकमत होत नव्हतं, आणि मोजमाप घ्यायला एक पुरुष हवा होता.

परतीच्या पावसाचे दिवस होते. सकाळी ऊन, दुपारी उकाडा, आणि चारच्या सुमाराला डिचोलीच्या बाजूने ढग चढले. गडगडायला लागलं. देवळात कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आता आमच्या वाड्यावरची एक रीत सांगतो. गडगडलं की घरातले सगळे पिन भिंतीतून उपटून काढायचे. टीव्ही, फ्रिज, वायफायचा डबा, सगळे. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज त्यातूनही शिरते. एका वर्षी माडावर पडली आणि तीन घरं पलीकडचा टीव्ही फुटला, तेव्हापासूनची ही शिकवण. आणि जो घरी असेल त्याने, जे घरी नसतील त्यांचेही पिन जाऊन काढायचे. किल्ल्या त्यासाठीच एकमेकांकडे असतात. हे कुणी कुणाला सांगत नाही. न काढणं म्हणजे शेजारधर्म बुडवणं.

आम्ही भिजत घरी आलो तर शालिनी आमच्या सोप्यात उभी. तोंडावर कर्तव्य केल्याचं समाधान.

"इलास? सगळे पिन काढलंय. पलीकडच्यांचो वायफाय गेलो बघा, धूर इलो. तुमचो वाचलो."

मला आधी बरंच वाटलं. वायफाय वाचला. मग बटणावरचा कागद आठवला.

"शालिनी, संगणक?"

"बटणाक हात लावूक नाय हां!" ती म्हणाली. "तुमी कागद चिकटवलेलो ना थय. मी वाचलंय. म्हणान नुसतो भिंतीतलो पिन काढलंय. पण तो खालचो डबो रडूक लागलो. कूं कूं कूं. माका वाटला, वीज शिरली तेच्यात. म्हणान तेचीय वायर काढलंय. मगे गप रवलो."

बिचारीने नियम मोडला नव्हता. बटणाला हातसुद्धा लावला नव्हता.

मी पिन लावले. संगणक उठला, अगदी आज्ञाधारकपणे उठला, आणीबाणी नाही, काही नाही. पडद्यावर जिथे नाटक असायचं तिथे ते चिन्ह होतं. मी ते उघडलं. आत काही नव्हतं. अंक तिसरा नव्हता, दुसरा नव्हता, कोपरा झाडून लख्ख.

मी बाहेर आंब्याखाली जाऊन परेशला फोन केला.

"बाबा, तुम्ही आईचं नाटक तिथे ठेवलंत?"

"जलद व्हावं म्हणून."

"वीज गेली की मेमरी रिकामी होते. डिस्कवर ते लिहिलेलंच नाही."

"मग परत कसं आणायचं?"

"नाही येत, बाबा."

हरी ट्रकाच्या चाकावर बसून ऐकत होता. तो म्हणाला डिचोलीत एक दुकान आहे, मेलेल्या डिस्कमधूनही काढून देतात. मी डिस्क काढून पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी तिकडेही जाऊन आलो. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "जे पेटीत ठेवलंच नव्हतं ते पेटी फोडून कसं काढू?" बाकी त्याने चांगलं वागवलं. खुर्चीत बसायला सांगितलं, पाणी दिलं. माझा चेहरा तसा झाला असावा.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी कमलाक्षीला सांगायचं होतं. ती साडी बदलून आली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "चला, छापूया." मी सांगितलं. मेमरी, डिस्क, टेबल, रेकॉर्ड रूम, सगळं समजावून सांगितलं. मी जितका घाबरतो तितकं जास्त समजावतो. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तो परत मेळाचो नाय."

"नाही."

तिने संगणक बंद केला, कदेल जागेवर ठेवलं आणि तांदूळ धुवायला गेली. ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मला फार वाईट वाटलं. तांदूळ धुतल्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत होता एवढं मला आठवतं.

बातमी वाड्यावर पसरायला वेळ लागला नाही. पुरुष मंडळाचा एक जण सहानुभूती दाखवायला आला आणि जाता जाता विचारून गेला, "मग तारीख आम्ही धरून चालू?" शालिनी रडत आली. "माझ्या हातान झाला गो," म्हणून तिने कमलाक्षीचे हात धरले. तिच्या मागून ज्योती आली, बाकीच्या बायका आल्या. ज्योती नाटकात नवऱ्याचं काम करते. तिने विचारलं, "वयनी, सगळा गेला? तुमका कायच आठवना?"

"गोष्ट आठवता. वाक्यां गेली. चार दिसांत तशी परत येवची नाय."

मग कमलाक्षी एकदम म्हणाली, "पेडण्यात दशावतारी येतत. तेंच्याकडे कागद असता? कोण लिवता? संध्याकाळी रंगपटात बसान गोष्ट ठरवतत, तू राजा, तू राक्षस, आणि उभे रवले की तोंडान बोलतत. रात सरता, पण बोलणा सरणा नाय. आमका तोंडां नाय?"

तोंडं होती. त्याबद्दल वाड्यावर दुमत नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या सोप्यात तिसरा अंक तोंडाने सुरू झाला. कमलाक्षी गोष्ट सांगायची, बायका उभ्या राहून बोलायच्या. कमिटीला मात्र कागद हवाच होता. कमिटीला ऐकू येतं ते पुरत नाही. म्हणून लिहून घ्यायचं काम मी मागून घेतलं. मला वाटलं, एवढं तरी करावं. पण रोज वाक्यं वेगळी. काल नवऱ्याची आई मेलेली होती, आज ती जिवंत होऊन भांडायला आली. मी म्हटलं, "एक काहीतरी ठरवा, टिपणात काय लिहू?" कमलाक्षी म्हणाली, "ऐकता ता लिवा." एवढंच. बाकी ती माझ्याशी भाजी आणि गॅस सिलिंडर एवढ्यापुरतंच बोलत होती.

आणि हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागलं की नवऱ्याचं पात्र बदलतंय. नाटकातली सुमती कोकमाची सोलं विकून चार पैसे मिळवणारी बाई. तिचा नवरा शिकलेला, नोकरीतला. तर तिसऱ्या अंकात हा नवरा, सोलं लवकर सुकावीत म्हणून, सुमतीला न सांगता तिची वर्षाची सगळी सोलं खळ्यातून उचलून पत्र्यावर नेऊन पसरतो. तिथे ऊन जास्त, हा त्याचा शोध. आणि गडगडून पाऊस येतो. जुन्या अंकात काय होतं देव जाणे, पण त्यात पत्रा नसावा. ज्योती माझ्यासारखाच चष्मा कपाळावर चढवून "एका दिवसाचा काम, एका दिवसाचा!" म्हणायची आणि बायका लोळून हसायच्या. मी ते लिहून घेत होतो. शुद्धलेखनाकडे लक्ष देऊन लिहीत होतो.

रविवार उजाडला. देवळाच्या सभामंडपात कमिटी बसली. अध्यक्ष मंगेशबाब, जुने शिरगावच्या खाणीवरचे टाइमकीपर. त्यांना सगळं वेळेत आणि जागेवर लागतं. बाजूला पुरुष मंडळ, मागे अर्धा वाडा. पहिले दोन अंक कागदावर बघून मंगेशबाबांनी मान डोलावली. तिसऱ्याचे माझे कागद त्यांनी चाळले. "यात प्रत्येक प्रसंग दोनदा आहे आणि दोन्ही वेळा निराळा."

कमलाक्षी उभी राहिली. "आमी करून दाखवतो," ती म्हणाली. "बघा आणि ठरवा."

बायकांनी केलं. कोळशाची मिशी लावून ज्योती आली तेव्हाच मागे खसखस पिकली. पत्र्याचा प्रसंग झाला, पाऊस झाला, भिजलेली सोलं झाली. मग सुमती झालेली शालिनी नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. इथे तालमीत रोज ती रडायची. त्या दिवशी रडली नाही. लिहिलेलं काही नव्हतंच, त्यामुळे ती आपल्या घरच्या बोलीत म्हणाली:

"माझ्या बऱ्याकच केलास, ता माका कळता. पावसाचोय दोष नाय. पण सोलां माझी होती. खय घालूची ता माका एकदा इचारूक होया होता."

मंडपात कुणी हसलं नाही. मी लिहीत होतो तो हात थांबला. इतक्या दिवसांत मी कमलाक्षीला मेमरी समजावली, डिस्क समजावली. पण हे एक वाक्य माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अंक संपला. टाळ्या पडल्या. मंगेशबाबांनी हात वर केला.

"प्रयत्न चांगला आहे," ते म्हणाले. "पण नवऱ्याचं पात्र अतिरंजित झालंय. सुशिक्षित, नोकरदार माणूस. बायकोच्या कामाला तिला न विचारता हात घालतो, नासवतो, आणि वर तिलाच उन्हाचं शास्त्र समजावतो? असा माणूस प्रेक्षकांना पटणार नाही. देवाच्या दारात खोटं दाखवायचं नाही, हा आपला नियम. पात्र नीट करा. पुढच्या वर्षी बघू."

पुरुष मंडळातला सहानुभूतीवाला मान डोलवू लागला. शालिनीने कमलाक्षीकडे बघितलं. कमलाक्षी हातातल्या बांगड्या फिरवत खाली बघत होती. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं झालं असतं. निदान तिने सांगितलं म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं.

मी उभा राहिलो. खात्यात माझ्या शब्दाला वजन आहे. वाड्यावर मला 'भाऊ' म्हणतात, मुलांच्या अर्जावर माझी सही घ्यायला येतात. हे सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"मंगेशबाब," मी म्हटलं, "असा माणूस आहे."

"कुठे?"

"हा तुमच्यासमोर उभा आहे."

आणि मी सांगितलं. ओळ, कोपरा, कागद, सगळं. शास्त्र समजावलं तेही सांगितलं. आधी मागच्या रांगेतून हसू आलं, मग पुरुष मंडळातून, मग मंगेशबाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. हरी तर मोठ्याने म्हणत होता, "मी बघितलंय! मी थयच होतंय!" माझे कान तापले. पण मी बसलो नाही.

हसणं ओसरल्यावर मंगेशबाब म्हणाले, "ठीक. पात्र खरं आहे असं कमिटीचं मत झालं. पण नुसतं तोंडी सांगून चालणार नाही, उद्या कुणी हरकत घेईल. तुम्ही लेखी द्याल?"

कुणीतरी कागद आणून दिला. मी पायरीवर बसलो. लेखी देणं हे माझं जन्माचं काम. 'प्रमाणित करण्यात येते की,' मी लिहिलं, 'नाटकातील पतीचे पात्र वास्तव असून सदर पती आमोणे येथे हयात आहे. सदर पतीने पत्नीच्या कामाची वस्तू तिला न विचारता अनवधानाने हलविली, व त्यामुळे नुकसान झाले.' खाली नाव घातलं, सही ठोकली.

पाठीमागे कमलाक्षी उभी होती. कधी आली कळलं नाही. तिने खांद्यावरून वाकून वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"अनवधानान?" तिने विचारलं.

मी तो शब्द खोडला. खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, ती केली. "आता बरोबर," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला कागद घेऊन स्वतःच मंगेशबाबांना द्यायला गेली.